लिंगाचा तुटका दोरा

ता. १ मार्च १९८६, शनिवार

अव्वा, तुझ्या पायावर डोकं.

दोन दिस झाले, झोप न्हाई. परवा वकीलसाहेब बोलले ते डोस्क्यात घुमून राहिलंय. बाकी शिवम्मा बरी हाय, दाढा येऊन राहिल्यात. टँकर आठ दिसाला एकदा येतो. तुझा गुडघा कसा हाय?

ह्यांना ठाण्यात नेलं तवा शिवम्मा पोटात व्हती. पाण्याचा टँकर कारखान्याकडं वळवला म्हणून हे आडवे झाले, एवढंच. ठाणं म्हणतं, पळून गेला. नवा जिल्हा म्हणतो, कागद जुन्या जिल्ह्यात हायत. जुना म्हणतो, तुमचं गाव आता आमच्यात न्हाई. खालचं कोर्ट झालं, वरचं झालं. पळालेला माणूस कुठून आणायचा, म्हणत्यात. आता दिल्लीचं शेवटचं. अर्ज गुरवारी जाणार.

वकीलसाहेब म्हणाले, "तारामतीबाई, दिल्लीनंही नाही म्हटलं तर देशाबाहेर माणसाच्या हक्काचा अर्ज ऐकणारे आहेत. पण ते आधी विचारतात, तुमच्याकडची सगळी कोर्टं झाली का? आणि इथं जे सांगितलं नाही, ते तिथं नव्यानं काढून चालत नाही. काही राहिलंय का सांगायचं?"

मी म्हटलं, "न्हाई."

खोटं बोलले, अव्वा.

ठाण्यातून ह्यांच्या चपला न् टावेल दिला, मी सही केली, तुला ठावं हाय. टावेलाच्या गाठीत ह्यांच्या गळ्यातलं लिंग व्हतं. चांदीची डबी चेपलेली. दोरा सोडलेला न्हाई, वढून तुटलेला. आपल्यात न्हातानासुदा कुणी ते गळ्यातून काढत न्हाई. पळणारा माणूस टाकून पळंल का? शिपाई हळूच म्हणाला, "गप ऱ्हा बाई, पोटात लेकरू हाय." मी गप ऱ्हायले.

पण नुस्तं त्याचं भ्या न्हाई. ते कोर्टात दाखवायचं म्हंजे माझ्याच तोंडानं म्हणायचं, हे गेले. मी आजूनबी रोज कुंकू लावून राहिले.

मागल्या म्हैन्यात ठाण्याची जीप दोनदा दारापुढं थांबली. तवा अण्णाला सांगितलं. तो म्हणाला, "येडे, घरात ठिवलंस तर तुलाबी नेतील." नांदेडला घेऊन गेला. सोमवारी गोदावरीत सोडणार हाय. मीच हाव म्हटलं.

इथला फोन पोस्टात, ठाण्याला लागून. म्हणून हे पत्र तुझ्या गावाकडं येणाऱ्या यष्टीच्या व्यंकटी कंडक्टरच्या हाती देऊन राहिले.

तुझी तारा

अव्वाला वाचता येत न्हाई. जे कोणी वाचून दाखवत असाल, दादा असा, ताई असा, हात जोडते. माझ्या भावाचा, मल्लिकार्जुन अण्णाचा, नांदेडच्या दुकानाचा फोन नंबर अव्वाच्या चुलीमागं भिंतीवर कोळशानं लिहिलाय. त्याला म्हणावं, सोडू नको. तुटका दोराबी टाकू नको. बुधवारी वकिलाकडं घेऊन ये, तारा बोलणार हाय. अव्वा रडंल. तिला रडू द्या, पर आधी अण्णाला फोन लावा.