घाम न येणारं घर

प्रिय धाकट्या,

फोनवर मी आजाराचं नाव काढलं की तू फोन कापतोस, म्हणून हे पत्र. फाडून टाकता येईल, पण टाकणार नाहीस. लहानपणी माझी वही फाडलीस तेव्हा खाल्लेला मार आठवत असेलच.

गेल्या महिन्यात लाँड्रीत चादरींना इस्त्री करता करता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी सपशेल आडवी. मग तपासण्यांवर तपासण्या. माझ्या हृदयाची भिंत जाड झालीय, ठोका मधेच चुकतो. अंगात चरबीसारखं काहीतरी साठत जातं आणि ते मोडणारा रस आपल्यात जन्मापासूनच नीट तयार होत नाही. हजारोंत एखाद्याला होतं म्हणे. जन्मात कधी लॉटरी लागली नाही, ही बरी लागली! दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून औषध घेते. साठलेलं सगळं निघणार नाही, पुढचं साठणं थांबलं तर थांबलं. खोटं कशाला बोलू, मी घाबरलेय.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घाम येतो का? मला हसूच फुटलं. अरे, घाम न येणं ही तर आपल्या घराची ऐट! आई तासन्‌तास चुलीपुढे कोरडीठाक. तुला बेकरीत भट्टीच्या तोंडाशी उभं केलं ते याच गुणावर, आणि तू मिशीला पीळ देत ते गावभर सांगितलंस. तो गुण नव्हता रे, याच आजाराची खूण होती. आई पन्नाशीत ओट्याशी उभ्या उभ्या गेली, तेव्हा आपण दगदगीला बोल लावला. आता जिना चढताना तुलाही धाप लागते. तुझ्या बायकोनं सांगितलं मला, तिच्यावर डाफरू नकोस.

तुझं हृदय तुझं, हट्टाला पेटायचं तर पेट. पण सुट्टीत तुझी लेक माझ्याकडे होती ना, तेव्हा एका दुपारी ती न्हाणीघरात गार पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसलेली दिसली. थेट आपल्या आईसारखी, तीही अशीच बसायची. म्हणाली, तळव्यांची आग होते, धावता येत नाही, आणि बाबा कामचुकार म्हणतात. बाबांना सांगू नकोस, अशी शपथ घातली तिनं मला. ती मी आज मोडतेय. बापाला हा आजार असला तर त्याच्या प्रत्येक मुलीला तो जातोच, डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. वेळेत धरला तर तिचं हृदय सांभाळता येईल. सोमवारी सकाळी दहाची वेळ घेतलीय, तुम्हा दोघांची. भट्टीवर त्या दिवशी दुसरं कुणी उभं राहील. आणि तिला बादलीवरून काही बोलू नकोस. आईला आपण फार हसलो होतो.

तुझीच,
ताई