उजव्या हाताची किंमत

धार, चैत्र वद्य पंचमी, शके १८२९

तीर्थरूप सौभाग्यवती अक्काचे चरणी धाकटा भाऊ शालिग्राम याचे साष्टांग नमस्कार. सरदारपुरास तुझी व भावजींची प्रकृती कशी आहे, तुझे गुडघे तुला जिना चढू देतात की नाही, आणि यंदा विहिरीला पाणी किती राहिले, हे सविस्तर कळवावे. येथील क्षेम मात्र मी लिहिणार नाही. लिहिण्यासारखे क्षेम नाही असे नव्हे (परवाच घरी आंबेडाळ झाली, मी तीनदा मागून घेतली), पण आमचे वकील मोरोपंत यांनी दावा निकालात निघेपर्यंत मला क्षेम असण्याची सक्त मनाई केली आहे. कारण पुढे येईलच.

हे पत्र सांगतो आहे मी आणि लिहिते आहे तुझी भावजय. माझा उजवा हात मनगटात मोडला होता तो आता जुळला आहे, पण वाकडा जुळला. बोटे लेखणीभोवती मिटत नाहीत. मी झोपाळ्यावर पडलो आहे, ती खाली पाटावर बसली आहे, बाहेर ऊन असे पडले आहे की अंगणातले कावळेसुद्धा बोलायचे थांबले आहेत. अशा वेळी माणसाने खरे म्हणजे निजावे. पण तुझ्यापर्यंत मी नदीत पडलो अशी बातमी गेली आहे म्हणे, तेव्हा पहिल्यापासून सांगितलेच पाहिजे. नदी नव्हती, अक्का. टांगा होता.

माघात मोरोपंतांच्या मुलाची मुंज होती, त्यासाठी मी देवासला निघालो. महूपर्यंत बैलगाडी, तेथून इंदूरपर्यंत रेल, आणि इंदूरहून पुढे ठेक्याचा टांगा. ठेकेदार उमाशंकरजी भाडे घेऊन छापील चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी मी पागोट्यात खोचली आणि मागच्या बैठकीवर, रस्त्याकडे पाठ नव्हे तर तोंड करून, म्हणजे जो रस्ता मागे जातो त्याच्याकडे तोंड करून बसलो. तू माघात त्या बाजूला कधी गेली आहेस का? दोन्ही अंगांना अफूची शेते फुललेली असतात. सगळे पांढरे. मैलोगणती पांढरे, आणि वारा आला की ते सगळे एकदम कुशीवर वळते. सुवास म्हणावा तर नाही, पण डोळ्यांवर काहीतरी येते. टांगेवाला मानाजी गुणगुणत होता, घोड्याच्या गळ्यातले घुंगरू वाजत होते, आणि मला तू दिसलीस. आपण दोघे लहान, टांग्याच्या मागे पाय सोडून बसलो आहोत, तू ओच्यातली बोरे काढून मला एकेक देते आहेस आणि म्हणते आहेस, शालू, धरून बस. आणि टांगा रस्ता सोडून हळूच त्या फुलांवरून चालू लागला. चाकांचा आवाजच नाही.

चाकांचा आवाज नव्हता याचे कारण नंतर कळले. एक चाक निघून गेले होते. चाकाची लोखंडी खीळ आठ दिवसांपूर्वी हरवली होती, मानाजीने ठेकेदाराला चारदा सांगितले, आणि चारही वेळा उमाशंकरजी म्हणाले, बाभळीची काडी ठोक दे भिया, चल जाएगी. (हे मानाजीने पुढे दाव्याच्या वेळी आपल्या तोंडाने कचेरीत सांगितले. नोकरी जाईल हे ठाऊक असून सांगितले. त्याच्या पोराबाळांना देव सुखी ठेवो.) ती काडी देवासच्या भर बाजारात मोडली. चाक आमच्या पुढे वीसेक हात एकटेच शहाण्यासारखे गेले, टांगा कलंडला आणि मी उडालो. अक्का, तुझ्या गळ्याची शपथ, मला ते पडणे वाटलेच नाही. मला वाटले स्वप्नच जरा जोरात चालले आहे.

आता देवासची गंमत तुला ठाऊक आहे. एकाच गावात दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती, रस्त्याची ही कड एका महाराजांची तर ती दुसऱ्यांची. चाक एका पातीत जाऊन पडले आणि मी दुसऱ्या पातीत. भोवती माणसे जमली ती भली होती, मला उचलणारही होती, पण त्यांतला एक कायदेपंडित (पुढे कळले की तो पानवाला होता) ओरडला, हलवू नका, हलवलात तर हद्द बदलेल आणि बिचाऱ्याचा दावा बुडेल! मग अर्धे म्हणू लागले की अपघात चाक निघाले तिथे झाला, अर्धे म्हणाले माणूस मोडला तिथे. दोन्ही पक्ष हमरीतुमरीवर आले. मी मध्ये धुळीत पडून आकाश पाहत होतो. आकाश एकच होते, ते मी सांगूनही पाहिले. एका म्हातारीने तेवढ्यात द्रोणात पोहे आणून दिले, ते मी डाव्या हाताने खाल्ले. देव क्षमा करो, पण पोहे फार छान होते.

शेवटी मोरोपंत धावत आले, सोवळ्यानेच, आणि त्यांनी मला उचलले. रात्री हाडवैद्य हात ओढत असताना ते माझ्या कानाशी बसून कायदा सांगत होते. भाडे घेऊन माणूस गाडीत बसवला की तो जसा बसवला तसा उतरवून देणे हे गाडीवाल्याचे कर्तव्य, आणि त्याच्या हयगयीने माणूस मोडला तर भरून देणेही त्याच्याच अंगावर. अक्का, मी चाळीस वर्षांचा झालो. आजवर मला वाटत असे की टांग्यातून पडणे हे पूर्वजन्मीचे काहीतरी असते. आपल्याला पडण्याबद्दल हक्क असतो हे ऐकून मी इतका हरखलो की वैद्याने हाड केव्हा बसवले हे कळले नाही. (म्हणूनच ते वाकडे बसले असावे. मी ओरडायला हवे होते.)

मोरोपंतांनी बजावले, घरी जाताच ठेकेदाराला नोटीस धाड. मी धाडली. मी सांगितली, हिने लिहिली. राजमान्य राजश्री उमाशंकरजी यांस शालिग्राम याचा कृतानेक नमस्कार, येथील सर्व क्षेम असून आपले क्षेम कळवीत जावे, विशेष, आपल्या टांग्यातून पडून माझा उजवा हात मोडला, आता त्याचा काय तो विचार आपण करावा, लोभ असावा. आता तूच सांग, यात काय चुकले? पत्र सुरू करायचे तर दुसरे कसे करायचे? आपल्या वडिलांनी घरात प्लेग असताना लिहिलेल्या पत्रातसुद्धा वर क्षेम होते आणि खाली प्लेग होता.

ज्या पातीत चाक पडले त्या पातीच्या कचेरीने दावा घेतला. पेशीच्या दिवशी ठेकेदाराच्या वकिलाने ती नोटीस रुमालातून काढली, पहिली ओळ तीनदा वाचली आणि खाली बसला. उमाशंकरजी हात जोडून न्यायाधीशांना म्हणाले, हुजूर, ये खुद लिख रहे हैं के सब मजे में हैं, अब मैं गरीब क्या बोलूं. सगळी कचेरी हसली. मोरोपंतांनी कपाळावर हात मारला तो मला अजून ऐकू येतो. मी न्यायाधीशांना विनवले की महाराज, आपणही पत्रे लिहिता. ते मराठी गृहस्थ, वयस्क. त्यांनी मान डोलावली. पण कागद तो कागद.

मग माझी जबानी. कसे पडलात, असे विचारले. मी शपथेवर होतो, खोटे कसे सांगू? म्हटले, पडलो नाही, उडत होतो, बहीण बरोबर होती, खाली सगळे पांढरे होते. कारकुनाने लिहून घेतले : वादी उडत होता. (मोरोपंत त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वाटेसाठी लाडू मात्र बांधून दिले.)

त्यानंतर न्यायाधीशांनी जो प्रश्न विचारला तो माझ्या मनातून जात नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, हा हात मोडण्यापूर्वी काय किमतीचा होता? मी सांगितले, महाराज, वीस वर्षे धार दरबारात नकलनवीस आहे, दरबारी कागदांच्या स्वच्छ प्रती उतरवतो. माझ्या हातच्या नकलेला कचेरीत मोत्यांचा सर म्हणतात. मोठ्या साहेबांकडे कागद जायचा तर माझ्याच हातचा जातो. ते म्हणाले, मग ते अक्षर आम्हांला दाखवा. धार दरबारचे कागद दुसऱ्या संस्थानाच्या कचेरीत आणता येत नाहीत. तेव्हा अपघातापूर्वीचे एखादे खाजगी लिखाण वैशाखातल्या पेशीला हजर करा, ते पाहून हाताची किंमत ठरवू.

अक्का, सगळे त्यावर अडले आहे. धारच्या आमच्या कचेरीने आषाढापर्यंत मला काम घरी आणून करण्याची सवलत दिली आहे, ते तुझी भावजय कसेबसे निभावते. आषाढापासून मात्र स्वतः गादीवर बसून लिहावे लागेल, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि ही बोटे काही लेखणी धरत नाहीत, मी रोज सकाळी पाहतो. भरपाई मिळाली तर घर तरेल, नाही मिळाली तर काय होईल ते मला या झोपाळ्यावरून दिसत नाही. दिसते ते वेगळेच. कधी वाटते, आलेल्या पैशांतून एक लहानसे शेत घ्यावे आणि त्यात काही पेरू नये, नुसता वारा पाहावा. कधी वाटते, हिला हातात घालायला सोन्याचे गोठ करावे. लग्नातले मोडले ते पुन्हा झालेच नाहीत. (लेखणी थांबली आहे. का थांबली ते मी विचारत नाही.) तर असे आहे. डोळे मिटतात. भावजींस साष्टांग नमस्कार, मुलांस आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढवायला आता जागा नाही.

तुझा,
शालिग्राम

ता. क. तुमच्याकडे आंबेहळद चांगली मिळते ती थोडी पाठवावी. मनगट पहाटे ठणकते.

ता. क. दुसरा. खरे काम सांगायचे राहिलेच. तुझ्या पेटीत मी धाडलेली पंधरा वर्षांची पत्रे आहेत, तू एकही टाकले नाहीस हे मला ठाऊक आहे. ती सगळी बांधून येत्या आठवड्यात कोणी धारेस येणारा असेल त्याच्याबरोबर धाडून दे. न्यायाधीशांसमोर ती मांडली की मग बोलायलाच नको. माझ्या हातचे अक्षर पाहून त्यांचेही डोळे निवतील. (लेखणी पुन्हा थांबली. शाई संपली म्हणते. दौत तर भरलेली दिसते.)

ता. क. तिसरा. ती. वन्सं, मी विनोदिनी. इथून पुढचं मनात वाचा, भावजींना मोठ्यानं वाचून दाखवू नका. ते झोपाळ्यावर झोपलेत, हात छातीवर ठेवून.

पत्रं पाठवू नका, वन्सं. उंदरांनी खाल्ली म्हणून कळवा, पाण्यात भिजली म्हणून कळवा, काय सुचेल ते कळवा. तुमच्या पेटीतली पत्रं माझ्या हातची आहेत. सगळी. लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून असंच आहे, ते झोपाळ्यावर आणि मी पाटावर. इतकी वर्षं सांगून सांगून त्यांना आपणच लिहिलं असं वाटायला लागलंय. त्यात लबाडी नाही हो, तेवढं मी शपथेवर सांगेन. पण नोटीस कचेरीच्या कागदांत लागलीय आणि तीही माझ्याच हातची. ती आणि तुमची पत्रं शेजारी शेजारी ठेवली तर आंधळ्यालाही दिसेल की हात मोडायच्या आधीचं अक्षर आणि नंतरचं अक्षर एकच. मग काय मोडलं म्हणून सांगायचं?

आणि दरबारातल्या नकलाही माझ्याच, वन्सं. मला माझ्या बाबांनी मोडी शिकवली होती, भावांबरोबर बसवून. हे कचेरीत चार ओळी लिहितात, मग खिडकीबाहेर बघत बसतात. उरलेलं रुमालात बांधून घरी येतं, दुपारी मी करते. मोत्यांचा सर म्हणतात तो तोच. हे बाहेर फुटलं तर आषाढाची वाट बघायला नको, जागा उद्याच जाईल. त्यापेक्षा अक्षराचं काही मिळालं नाही तरी चालेल. मनगट खरंच मोडलंय, रात्री कण्हतात ते मी ऐकते, त्याचं जे मिळेल ते मिळेल. मोरोपंतांना मी वेगळं लिहिते. आषाढाचं आषाढात बघू.

एक सांगते, रागावू नका. पेशीहून येऊन यांनी न्यायाधीशांचा प्रश्न सांगितला, हा हात काय किमतीचा होता, तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटणं तसंच हातात राहिलं. पंधरा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. उत्तर देता यायचं नाही, पण विचारलं म्हणून मला रडू आलं.

बाकीची पत्रं लपवून ठेवा. एक मात्र पाठवा, तुम्हाला आवडलेलं असेल ते. कचेरीसाठी नको, मला पाहायचंय. लिहिलं की सगळं बाहेर जातं, माझ्या हातचं माझ्याजवळ काहीच नाही.