उजवीकडून एकेक काढत

३ जून
दवाखान्यात नवा फोन बसला. नंबर ७३९३९१३३. ताई म्हणाली, "एवढे तीन आणि नऊ! पेशंट गोंधळून दुसऱ्याच दाताच्या डॉक्टरकडे जातील." ताई माझी थोरली बहीण. घरी आम्ही दोघीच. दवाखान्याचं काउंटर ती सांभाळते — म्हणजे दवाखानाच सांभाळते, मी नुसते दात काढते.

५ जून
एका निवृत्त प्राध्यापकांचा फोन. "तुमच्या पाटीवरचा नंबर वाचला. मूळ आहे."
"मूळ दुखतंय? कुठल्या बाजूचं?"
"उजवीकडून एकेक काढत जा. उरेल तेही मूळच."
म्हटलं, अहो, एकेक काढायची गरज नसते, आधी एक्स-रे बघू.
बराच वेळ असंच चाललं. मग उलगडा झाला — मूळ संख्या! शाळेतल्या त्या, एक आणि स्वतः सोडून कशानंच भाग न जाणाऱ्या. आमच्या नंबरातला शेवटचा आकडा पुसला तरी उरलेली संख्या मूळ. आणखी एक पुसला तरी मूळ. असं करत ७३९, ७३, थेट सातापर्यंत. याहून मोठी अशी संख्या जगात नाही म्हणे. आणि ती आमच्या काउंटरवर, कापसाच्या डब्याशेजारी.

६ जून
परत फोन. ताईनं त्यांचं नाव मूळव्याध ठेवलंय.

९ जून
आज स्वतः हजर. दात नाही, पाटी बघायला! डावा गाल टम्म सुजलेला. मी विचारलं तर म्हणाले, "तो विषय वेगळा." खुर्चीत बसा म्हटल्यावर दाराकडे सरकले.
ताईनं थांबवलं. "शेवटी अजून एक आकडा लावला तर?"
झालं. सम आकडा किंवा शून्य लावला तर दोननं भाग जातो, पाच लावला तर पाचनं. एक किंवा सात लावला तर आकड्यांची बेरीज तीनच्या पाढ्यात येते. ताईनं बोटांवर मोजलं — अडतीस आणि एक एकोणचाळीस. "खरंच की." शाळेत गणिताच्या तासाला हिचं पोट दुखायचं! तीन आणि नऊ लावून का जमत नाही ते उद्या सांगतो म्हणाले. तोवर दोन पेशंट उठून गेले.

१२ जून
सगळ्या नंबरांच्या आधी आता दोन लागणार, असा कंपनीचा निरोप आला. मी प्राध्यापकांना कळवलं. पलीकडून उत्तर, "सत्तावीस."
"काय?"
"पुसत गेलं की वाटेत सत्तावीस येतो. त्याला तीननं भाग जातो. सगळं संपलं."
मला हसू आलं. ताईला नाही.

१४ जून
त्यांचा फोन नाही. ताई रिसीव्हर उचलून बघतेय, चालू आहे ना.

१५ जून
ताई सरळ त्यांच्या घरी गेली आणि रिक्षात घालून घेऊन आली. अंगात ताप, सूज डोळ्यापर्यंत. अजून उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं. मी चिडले. "इतके दिवस काय करत होता?"
"मला सुईची भीती वाटते," म्हणाले. इतक्या दिवसांत पहिलंच सरळ वाक्य.
ताईनं हात धरला. मी भूल दिली, पू काढला, दाढ काढली. सगळा वेळ ते काहीतरी पुटपुटत होते. तोंडात माझी बोटं, मला एक अक्षर कळलं नाही. ताईला मात्र कळत होतं. मान डोलावत होती.

२२ जून
सूज उतरली. तरी रोज दाखवायला येतात. दाखवतात ताईला.

२ जुलै
सकाळी चहा घेताना ताई म्हणाली, "काउंटरला दुसरं कुणी बघ."
"का गं, कुठे निघालीस?"
"सासरी," म्हणाली. वय अठ्ठावन्न. लाजली पण.