शंभर इंदिराबाई

बसवकल्याण,
डिसेंबरचा दुसरा रविवार

प्रिय चंद्रम्मा अक्का हिला मंगलचा प्रेमाचा जय भीम, आणि कमठाण्याच्या घरातल्या सगळ्या थोरामोठ्यांना शरणु. तुझी शुगर कशी आहे? गुडघा काय म्हणतो? इकडे आम्ही ठीक आहोत. माझं बीपी जरा वर असतं, आणि आमच्या धम्मानंदांचा आवाज (निवृत्त झाल्यापासून) त्याहून वर असतो. हे पत्र हाताने न लिहिता टाइप करते आहे, कारण तुझा फोन ते तुला वाचून दाखवेल आणि प्रत्येक ओळीला सुनेला हाक मारावी लागणार नाही. (तो कंससुद्धा वाचून दाखवतो म्हणे. तसं असेल तर आत्ताच माफी मागते. माझे कंस शाळेतल्या सिस्टरांच्या छडीनेही सुटले नव्हते.)

तू गेला महिनाभर माझा फोन उचलत नाहीस, आणि ते बरोबरच आहे. आपल्या शाळेच्या जुन्या मुलींचा मेळावा जानेवारीत, आणि नावनोंदणी फक्त वेबसाइटवर, असा ठराव आमच्या कमिटीने केला. तो लिहिला चिटणिसाने, म्हणजे मीच. सहा वर्षांपूर्वी तुझी दृष्टी गेली तेव्हा दवाखान्यात तुझा हात धरून बसलेली बाई मी, आणि ठराव लिहिताना ते माझ्या ध्यानातही आलं नाही! तू बिचारी फोनचं ऐकत ऐकत नाव भरायला बसलीस. शेवटी त्याने सांगितलं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, बस असलेली चित्रं निवडा. आणि मग नऊ वेळा नुसतं "चित्र, चित्र, चित्र". तू मला फोन करून विचारलंस, "मी माणूस हाय का न्हाई, ते आता तुमची कमिटी ठरवनार व्हय गं?" आणि मी हसले. सून भरून देईल की, असंही वर म्हणाले. "माझं नाव मीच लिहिणार. दुसऱ्यानं लिहायचं असंल तर मी यायची न्हाई," म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्यानंतर मला हसू काही आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी आमची वेबसाइट करून देणाऱ्या सुनीलकुमारांच्या दुकानात गेले. पन्नाशीचा सज्जन माणूस आहे. लग्नपत्रिका, झेरॉक्स आणि वेबसाइट एकाच टेबलावर करतो. मला म्हणाला, "मॅडम, ज्यांना दिसत न्हाई ते वेबसाइट कामून बघतेत?" मी त्याच्याच गळ्यातला मफलर त्याच्या डोळ्यांवर बांधला आणि त्याच्या फोनचा वाचणारा आवाज चालू करून म्हटलं, भरा तुमचं नाव. फोन म्हणत होता, "बटन. बटन. नाव नसलेलं बटन." त्याने ज्याला हात लावला ते बटन देणगीचं निघालं, मग संपर्काचं, मग पुन्हा देणगीचं. दहा मिनिटांनी त्याने मफलर सोडला. मग चहा मागवला आणि म्हणाला, "मीच बांधलेल्या घरात मलाच दार सापडंना की हो, अक्का." मॅडमची अक्का झाले तेव्हाच मला वाटलं, आता काम होणार.

सगळ्या बटनांना नावं मिळाली. मग फोटो. प्रत्येक फोटोखाली दोन ओळी लिहायच्या, त्या कुणाला दिसत नाहीत, पण फोन वाचतो. ते काम आमच्या अध्यक्षा इंदिराबाईंनी अंगावर घेतलं आणि सत्कार समारंभाच्या पत्रिकेसारखं तडीस नेलं. मी स्वयंपाकघरात डोळ्यांना टॉवेल बांधून, शेंगा सोलत ऐकायला बसले. सुनीलकुमारांनी पानाला भाषा हिंदी लावून ठेवली होती, त्यामुळे आवाजही हिंदी. "सौ. इंदिराबाई" आली की तो ठणकावून सांगायचा, "सौ... इंदिराबाई". धम्मानंद बाहेरच्या खोलीतून ओरडले, "एका इंदिराबाईनं कमिटी हैराण हाय, शंभर कुठनं आनलीस?" पुढे आपल्या घंटेवाल्या कै. गुंडेरावांचा फोटो आला. त्याला तो "कई गुंडेराव" म्हणाला, म्हणजे कितीतरी. तिथे मात्र मी शेंगा सोलायची थांबले. तू वर्गात पोहोचेपर्यंत दुसरी घंटा अडवून धरणारा तो माणूस. असे कितीतरी असते तर काय बिघडलं असतं?

भाषा मराठी करून घेतली. मी सगळी "सौ." आणि "माननीय" काढून लिहिलं, "इंदिराबाई, हसत आहेत." बाई तणतणत आल्या. "निस्ती इंदिराबाई? मी काय वाटेवर पडलेय?" त्यांना डोळे मिटून ऐकायला लावलं. बराच वेळ ऐकून म्हणाल्या, "ह्यात माझी साडी कुठं दिसायलीय?" खरंच होतं गं, ते मला सुचलं नव्हतं. आता लिहिलंय, "मोरपंखी इरकली साडीत हसत आहेत." तेव्हापासून त्या सगळ्यांच्या साड्या लिहायला बसल्यात, काठ किती बोटांचा, तेसुद्धा. तुला कंटाळा आला तर दोष त्यांना दे.

नऊ चित्रं गेली. त्या जागी आता साधा प्रश्न आहे: आपल्या शाळेची घंटा कोण वाजवायचं? (पहिल्याच दिवशी तिघींना आठवलं नाही आणि त्या बाहेर राहिल्या. बघत्या डोळ्यांच्या होत्या.) तुला आठवेल. तेवढं लिहिलंस की दार उघडं.

तुझी,
मंगल

ता. क. एका फोटोखालच्या दोन ओळी मी कोऱ्या ठेवल्या आहेत. होस्टेलच्या नळाशी आपण दोघी, सारखे फ्रॉक, सारख्या तेलाच्या वेण्या, फोटो पार पिवळा पडलेला. तू कोण आणि मी कोण, मला ओळखूच येत नाही. एकीच्या हातात बादली आहे आणि दुसरी रडते आहे. त्या दिवशी कोण रडत होतं, तुला ठाऊक असेल. ते तू लिही.

ता. क. आणखी एक. सांगणार नव्हते. टॉवेल बांधून फॉर्म भरून बघताना माझं नाव आधीच नोंदलेलं होतं, म्हणून मी तुझं टाकलं, आणि चुकून "पाठवा" दाबलं गेलं. (चुकून असं इथे लिहिते आहे. सुनीलकुमारांना विचारू नकोस.) आठ दिवस तू यादीत होतीस आणि मी रोज उघडून बघत होते. काल त्यांना सांगून तुझं नाव काढायला लावलं. एकतीस तारखेला यादी बंद होते, आणि आज तीत चंद्रम्मा नाही.