गणपतीची रजा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायला दुसरं कोणी सापडत नाही. पोचणार नाही हे कळतंय, तरी लिहितेय.

तुम्ही काशीमीऱ्याच्या गॅरेजात होतात तेव्हा दर भाद्रपदात ये रे माझ्या मागल्या. पेणकरपाड्याच्या खोलीत तुम्ही पिशवी भरताय, आई म्हणतेय, "अहो, नोकरी जाईल," आणि तुम्ही शांतपणे म्हणताय, "दुसरी मिळेल." शेठ म्हणायचा, "गणपती तो हर साल आता है, अगले साल जाना." तुमचं उत्तर तयार असायचं, "हर साल आता है सेठ, इसीलिए हर साल जाता है." एकदा गावाहून परत आलात तर तुमच्या जागी दुसराच माणूस. त्या दिवाळीला मला नवा फ्रॉक मिळाला नाही, आणि मी तोंडावर म्हटलं, तुम्हाला आमच्यापेक्षा गाव जास्त. तुम्ही रागावला नाहीत. "तू मोठी नोकरी कर, म्हणजे असं भांडावं लागणार नाही," एवढंच म्हणालात.

केली मोठी नोकरी. सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. पगार असा, की तुम्ही पुन्हा विचारलं असतंत, "महिन्याचा?" रजाही भरपूर, कागदावर. घेतली की पलीकडच्या टीमचा लीड भर मीटिंगमध्ये गोड आवाजात विचारतो, "मॅडम पुन्हा गावी?" आम्हा दोघांतल्या एकालाच यंदा मॅनेजर करणार आहेत. म्हणून अलीकडे मी गावी जातच नाही. आरती फोनवर बघते, तीही आवाज बंद करून, कारण कानात मीटिंग चालू असते. चुकतंय हे कळतं आणि फार वाईट वाटतं.

माझं मी निवडलं, ते जाऊ दे. पण आज टीममधल्या एका मुलीने रजा मागितली. रायगडची आहे, नवीच लागलीय. "मॅडम, घरी गणपती असतो. बाबांना यंदा खाली बसता येत नाही, पूजा मलाच करायचीय." मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हटलं, "त्याच आठवड्यात क्लायंटला काम द्यायचंय गं. पुढच्या वर्षी बघू."

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. "ठीक आहे मॅडम," म्हणाली आणि गेली. थोड्या वेळाने जिन्यातून तिचा आवाज आला. फोनवर वडिलांची समजूत घालत होती, "वरून परवानगी नाही मिळाली, बाबा."

वरून कोणी नाही म्हटलंच नव्हतं. मी विचारायलाच गेले नव्हते.