माझी छत्री आणि माझी बुरशी

२९ जुलै १९७३, डमडम
मायक्रोस्कोप आला. एस्प्लनेडच्या फुटपाथवरच्या जुन्या सामानवाल्याकडून. पितळी. विकणारा म्हणाला, जर्मन, आणि म्हणताना त्याने नजर चुकवली. म्हणजे वस्तूच्या खऱ्या किमतीची त्याला कल्पना नसावी. सौ. ने विचारलं, हे कशाला. म्हटलं, बुरशी बघायला. ती म्हणाली, त्याला यंत्र कशाला, तुमच्या कोटाकडे नुसत्या डोळ्यांनी बघा.

विनोद समजला.

इथल्या पावसाळ्यात चामडं, पुस्तकं, पापड, सगळ्यावर बुरशी. लाखो लोक ती फडक्याने पुसून टाकतात. नीट बघितलेली एकानेही नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात २ सप्टेंबरला माझं व्याख्यान आहे: 'आपल्या घरातील बुरशी, प्रात्यक्षिकासह'. अर्धा तास. गेल्या वर्षी मी हवामानावर बोलत असताना सेक्रेटरी शरच्चंद्र देवस्थळी यांनी घंटा वाजवून हळदीकुंकू सुरू केलं. या वर्षी त्यांची छाती होणार नाही.

३० जुलै
सेफ्टी प्रथम. बुरशीचे कण श्वासात जाता कामा नयेत. नाकातोंडावर ओला रुमाल, पंखा बंद, हुंगायचं नाही. नमुना स्वयंपाकघरात न्यायचा नाही (ही सौ. ची अट, पण शास्त्राला धरून आहे). हॉर्लिक्सच्या रिकाम्या बाटलीत ओलसर पाव, झाकण घट्ट, वर चिकटपट्टी. एकदा बंद केलेली बाटली उघडायची नाही. काम संपलं की फिनेल.

दुसरीत लिंबू. तिसरीत भिंतीचा पोपडा. चौथीत चपलेचा पट्टा. चप्पल सौ. ची आहे. अजून तिच्या लक्षात आलेलं नाही.

३ ऑगस्ट
पावावर पांढरा कापूस, लिंबावर हिरवी भुकटी. चपलेचं सौ. च्या लक्षात आलं.

बाटली न उघडता बुरशी स्लाइडवर कशी घ्यायची, हा मुद्दा राहून गेला होता. उपाय काढला. मोठ्या पारदर्शक पिशवीत बाटली आणि दोन्ही हात घालायचे, आतल्या आत झाकण उघडायचं, चिकटपट्टीचा तुकडा बुरशीला हलकेच टेकवून स्लाइडवर चिकटवायचा. पद्धत माझी स्वतःची. पिशवी मनगटांना सौ. ने रबरबँडने बांधली आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेली. नंतर ती शेजारी गेली असावी. बऱ्याच वेळाने सुटका.

५ ऑगस्ट
दिसली! कडेकडून आत आलेल्या बारीक फांद्या, नेच्याच्या पानासारख्या. पावावरची. मग लिंबावरची लावली. तीच. चपलेची. तीच! म्हणजे वरून वेगवेगळ्या दिसणाऱ्या या साऱ्या बुरश्या मुळात एकच. हे आजवर कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. नाव ठेवलं: हुपरीकरेन्सिस. हुपरीकर हे आडनाव लॅटिनमध्ये चांगलं बसतं.

लीनाला बोलावून दाखवली. ती इतिहास घेऊन बी.ए. करते. एक डोळा लावून म्हणाली, "बाबा, नळीचा काच नोंगरा आहे. घुरवून बघा ना." नोंगरा म्हणजे घाणेरडा, घुरवून म्हणजे फिरवून. इथेच जन्मलेल्या मुलीचं मराठी हे असं. म्हटलं, आधी भाषा सुधार, मग शास्त्राकडे वळ.

८ ऑगस्ट
घोषालबाबू, आमचे घरमालक, खालीच राहतात. त्यांनी जिन्यात गाठलं. "हुपोरीकोरबाबू, आपनार घोरे खूब छाता पोडेछे." माझं बंगाली स्वतः शिकलेलं आहे, दुकानांच्या आणि ट्रॅमच्या पाट्या वाचून. छाता म्हणजे छत्री, पोडेछे म्हणजे पडली आहे. धावत वर गेलो. छत्री खुंटीलाच.

मग ते असं का म्हणाले? आणि माझी छत्री कुठे आहे याच्याशी त्यांना काय करायचंय? वेताच्या मुठीची छत्री आहे, सासऱ्यांनी पुण्याहून दिलेली. एक काडी वाकडी आहे, पण असली इकडे मिळत नाही. लक्ष ठेवायला हवं.

१२ ऑगस्ट
घोषालबाबू खोकत वर आले. त्यांना दमा आहे. दारातच नाक वर करून म्हणाले, "छातार गोंधो!" छत्रीचा वास! कुणाच्या छत्रीचा वास घेत हिंडणं हे सभ्य माणसाचं लक्षण नव्हे. बोलता बोलता नजर माझ्या बाटल्यांवर गेली आणि तिथेच थांबली. म्हणजे छत्री हे नुसतं निमित्त.

एक नोंद: मी फोकस जुळवला की नेमकं तेव्हाच वरून विमान जातं आणि टेबल हलतं. आज तीनदा. योगायोग एकदा असतो.

१७ ऑगस्ट
छत्री कपाटात, कुलपात. ऑफिसला भिजत गेलो. घोषालबाबूंनी दारात आपली छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली. सापळा ओळखून नम्रपणे नकार दिला. जाता जाता हसून म्हणाले, "बोर्षाकाले छाता तो होबेई. आमार जुतोतेओ छाता." पावसाळ्यात छत्री होणारच, माझ्या जोड्यातही छत्री. जोड्यात छत्री! माणूस एक तर भ्रमिष्ट आहे, नाही तर सांकेतिक भाषेत बोलतो.

लीनाला विचारता येत नाही. घोषालांची मुलगी मिनू तिची मैत्रीण. इकडची बातमी लगेच खाली. सौ. म्हणाली, अहो, कळलं नाही तर त्यांनाच सरळ विचारा. इतकी वर्षं त्यांच्याशी बंगालीत बोलून आता अर्थ विचारायचा?

२४ ऑगस्ट
ट्रॅममध्ये देवस्थळी भेटले. काय हुपरीकर, बुरशी कशी आहे? म्हणे. यांना कुणी सांगितलं? (उत्सवाच्या पत्रिकेत छापलंय, हे उतरल्यावर आठवलं. पण विचारण्याचा सूर!) देवस्थळी आणि घोषाल एकाच होमिओपॅथकडे जातात. धागा जुळतो.

संध्याकाळी धुतलेली, कोरी स्लाइड सहज लावून बघितली. तिच्यावरही हुपरीकरेन्सिस! म्हणजे मी ऑफिसात असताना माझ्या स्लाइड्सना कुणीतरी हात लावतंय. सौ. शपथेवर म्हणाली, तुमच्या त्या घाणीला मी काठीनेसुद्धा शिवणार नाही. तिच्यावर विश्वास आहे, तूर्त. कोरी स्लाइड कुलपात ठेवली, छत्रीशेजारी.

३० ऑगस्ट
सगळा उलगडा झाला. घोषालबाबू आज हात जोडून आले. चेहरा ओढलेला, दोन वाक्यांत चारदा खोकले. उद्या माणसं बोलावतो, म्हणाले, "शॉब छाता शारिये देबो?" शारिये म्हणजे दुरुस्त करून. सगळ्या छत्र्या दुरुस्त करून देऊ का? म्हणजे इतके दिवस त्या भल्या माणसाच्या डोळ्यांत माझी वाकडी काडी खुपत होती! त्यांचं मन मी आधीच ओळखलं होतं. फक्त पडताळून पाहत होतो.

म्हटलं, "निश्चोई! शॉब!" कपाट उघडून छत्री त्यांच्या हातात ठेवली. छत्री छातीशी धरून त्यांनी नमस्कार केला. डोळ्यांत पाणी. उद्या आम्ही सगळे गणपती बसवायला मंडळात, म्हणून त्यांनी घराची किल्ली मागितली. दिली. सौ. ची छत्री खुंटीला आहेच, तिचाही दांडा सैल आहे.

३१ ऑगस्ट
परत आलो. भिंती चुन्याने पांढऱ्याफेक. घरभर फिनेल. चारी बाटल्या लख्ख धुऊन खिडकीत पालथ्या. सौ. ची छत्री खुंटीला, जशीच्या तशी.

लीना हसत हसत खाली बसली. बंगालीत छाता म्हणजे छत्री, आणि छाता म्हणजे बुरशीसुद्धा. आणि ते शारिये नव्हतं, बाबा, शोरिये. शोरिये म्हणजे हटवून. म्हातारा बिचारा महिनाभर सांगत होता की वरच्या बुरशीने त्याला श्वास घेववत नाही. काढून टाकू का सगळी, असं विचारत होता. "त्यांनी तुम्हाला विचारूनच केला ना!" म्हणाली. केला नव्हे, केलं, असं मी म्हटलं.

मग छत्री त्यांनी का घेतली, असं विचारलं. लीना म्हणाली, मिनू सांगत होती, भाडेकरूने भेट दिली म्हणून तिचे बाबा फार खूश आहेत.

छत्रीला आणि बुरशीला एकच शब्द ठेवणाऱ्या लोकांवर विश्वास कसा ठेवायचा? सौ. म्हणाली, खोली पहिल्यांदाच माणसांची वाटते.

व्याख्यान परवा.

१ सप्टेंबर, सकाळ
कुलपातली कोरी स्लाइड आठवली. लावली. आहे! फिनेल, चुना, घोषाल, कशालाही दाद न देणारी बुरशी. शोधाचं महत्त्व उलट वाढलं. व्याख्यान होणार.

२ सप्टेंबर
बोललो. चांगलं बोललो. मग प्रात्यक्षिक. मायक्रोस्कोपपुढे रांग लागली. मंडळातल्या हेमाताई म्हणाल्या, अगदी रांगोळी हो! घंटेकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मंडळाचे सर्वांत वयस्कर सभासद श्यामराव यांनी डोळा लावला, तेवढ्यात देवस्थळींनी खालची स्लाइड काढून उजेडाला धरली. अहो हुपरीकर, म्हणाले, हिच्यावर तर काहीच नाही.

आणि तिकडे श्यामराव म्हणत होते, "वा, वा! दिसतेय! काय नक्षी आहे!"

स्लाइड देवस्थळींच्या हातात. सगळं सभागृह हसलं. लीना पुढे झाली, तिने नळीवरची काच फिरवली. श्यामराव ओरडले, "अरे, ही तर फिरतेय!"

मग घंटा वाजली. हळदीकुंकू.

३ सप्टेंबर
काच काढून खिडकीपाशी धरली. आतल्या बाजूने बुरशी, नेच्याच्या पानासारखी. एस्प्लनेडहूनच आलेली. ती मात्र कुणी धुतली नव्हती.

पाऊस. ऑफिसला निघालो तर घोषालबाबू दारात उभे, माझी छत्री हातावर. बऱ्याच दिवसांनी न खोकता बोलले. "शॉब छाता गॅछे तो?" सगळी गेली ना?

आता मला दोन्ही अर्थ येतात. खरं तेच सांगितलं. "ॲकटा रोये गॅछे." एक राहिली आहे.

मला नळीतली बुरशी म्हणायची होती. पण घोषालबाबूंचा चेहरा उतरला. हातावरच्या छत्रीकडे त्यांनी एकदा बघितलं आणि ती माझ्या हातात दिली.

कोपऱ्यावर जाऊन उघडली. वाकडी काडी त्यांनी सरळ करून घेतली होती.