शामलाचे सांधे, माझा संयम

३ एप्रिल
वैताग आला. बायकोच्या, शामलाच्या, गालावरचे लाल चट्टे घामोळ्या नाहीत, ल्युपस आहे म्हणे. आठ महिने मी घामोळ्याच म्हणत होतो. पावडरही मीच आणली. शरीर आपल्याच अवयवांवर उलटतं, असं डॉक्टर अदिती म्हणाली. वय तिशीचं, तोरा साठीचा. ऊन टाळा, गोळी चुकवू नका, आणि पेशंटला काय हवं ते सांगा, त्यावरून पुढचे उपचार ठरवू. मी लगेच सांगितलं, आम्हाला कमी गोळ्या हव्यात. ती शामलाकडेच बघत राहिली. या पिढीला रीत नाही.
संकल्प: हा आजार आता मी हातात घेणार.

५ एप्रिल
पेशंटने भरायचा फॉर्म मी भरला. ‘सर्वांत जास्त त्रास कशाचा?’ लिहिलं: वेटिंगचा. ‘उपचारात काय बदल हवा?’ कमी गोळ्या. शामला म्हणाली, सकाळी बोटं वळत नाहीत, कणीक मळवत नाही, ते लिहा. जागा उरली नव्हती. थकवा? ‘नाही’वर टिक. पाचला उठणाऱ्या बाईला कसला थकवा?

९ एप्रिल, सकाळी ८
संकल्प: दोघांनी रोज तासभर फिरणे. सकाळचं ऊन उन्हात धरत नाहीत.

१३ एप्रिल
चट्टे वाढले. साबण भिकार आहे. बदलला.

२० एप्रिल
मेहुणा रुपराव उमरेडहून काढा घेऊन आला. वास तुंबलेल्या नालीचा. मी एक घोट घेतला, दिवसभर संडासात. शामलाला रोज दोन वेळा चालू केला. गोळी अर्धी केली. कमी गोळ्या हव्यात हे पेशंटचंच मत आहे, फॉर्मवर आहे.

६ मे
लघवीत प्रोटीन निघालं. पाय सुजलेत, पण उन्हाळ्यात कोणाचे सुजत नाहीत? गोळी रोज पूर्ण घेता का, असं डॉक्टरने शामलाला विचारलं. मी म्हणालो, घेते. शामलाने तोंड उघडलं, मी पाण्याची बाटली पुढे केली. किडनीची बायोप्सी करू म्हणे. मी सांगितलं, आमची तयारी नाही.
घराशी ऑटोतून उतरताना शामला म्हणाली, मले मराचं नाही हो. तुमी कोनाले विचारून नाही म्हणून राहिले?
कपाळावर हात मारला. करायला जावं तर हे ऐकायचं.

७ मे
काढा मोरीत ओतलेला सापडला. रुपरावला काय सांगू? शामलाने मला जेवायला वाढलं नाही. भीती वाटते. (हे वाक्य खोडणे.)

१० मे, दुपारी १२
शामला सकाळी न सांगता एकटीच दवाखान्यात गेली. मी मागोमाग पोचलो, थेट आत निघालो. काउंटरवरच्या दीपमालाबाईंनी हात आडवा केला. म्हणाल्या, काका, तुम्ही बसा जी इथं, पेशंटनं लिहून देल्लं आहे. फॉर्म दाखवला. अक्षर शामलाचंच, बोटं वळत नसल्यासारखं वेडंवाकडं. बायोप्सी: हो. थकवा: खूप, दोन वर्षांपासून. उपचारात तुम्हाला काय बदल हवा: मिस्टरांना बाहेर बसवा.
बसलोय. खुर्चीही धड नाही. आतून शामलाचा आवाज येतोय. चाळीस मिनिटं झाली, मध्ये खंड नाही.
पाण्याची बाटली माझ्याजवळच आहे. तिला लागली नाही.